ग्रामसभेत आपलं म्हणणं पटवायचं कसं: पत, मुद्दा आणि मन

मागच्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत आमच्या गल्लीतली एक पोरगी बोलायला उभी राहिली. पोलीस भरती आणि एमपीएससी दोन्हीचा अभ्यास करतीय, हुशार आहे, शाळेत असताना वक्तृत्वाला माझ्याकडंच होती. मागणी साधी होती, बालवाडी नव्या इमारतीत गेल्यापासनं जुनी खोली नुसती पडून आहे ती अभ्यासिकेला द्या. ती तीन मिनिटं बोलली आणि तेवढ्यात "आमच्याकडं कुणाचं लक्ष नाही", "इतकी वर्षं नुसतं राजकारण झालं", "पोरांच्या आयुष्याचा खेळ मांडलाय" हे सगळं बोलून झालं. मागनं पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतले तात्या एवढंच म्हणाले, "बाळ, त्या खोलीत सोसायटीचं खत हाय, पावसात ते कुठं ठेवायचं?" सोसायटी म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज आणि खत देणारी गावची सहकारी संस्था. तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडं नव्हतं, आणि विषय तिथंच संपला.

2 ऑक्टोबरच्या सभेत त्याच पोरीनं त्याच खोलीची मागणी परत केली आणि ती मंजूर झाली. मधल्या दीड महिन्यात आम्ही दोघी रोज रात्री माझ्या ओसरीवर बसून जे करत होतो ते इथं सगळं लिहितेय, कारण आमच्या सांगली जिल्ह्यात पलूस, तासगाव, विटा, कडेगाव कुठंही जा, आपल्या पोरांकडं मागण्या खऱ्या असतात आणि मांडणी कच्ची राहते, आणि ह्या एका गोष्टीपायी चांगली कामं वर्षानुवर्षं अडतात हे मला बघवत नाही.

आधी थोडं मागचं

हे शास्त्र नवीन नाही. ॲरिस्टॉटल नावाचा ग्रीक विचारवंत, इसवी सनपूर्व 384 ते 322 हा त्याचा काळ, त्यानं 'ऱ्हेटोरिक' ह्या ग्रंथात सांगितलं की बोलण्यातनं माणसाला पटतं ते तीन वाटांनी. बोलणाऱ्यावर विश्वास बसतो, ही पहिली वाट, तिला तो इथॉस म्हणतो. ऐकणाऱ्याच्या मनात काहीतरी हलतं, ते पॅथॉस. आणि मुद्दाच पटण्यासारखा असतो, ते लोगॉस. मी पोरांना शिकवताना पत, मन आणि मुद्दा म्हणते. पत हा शब्द आपल्याकडं सोसायटीमुळं घरोघरी माहीत आहे, पत असली तर कर्ज मिळतं, तसंच पत असली तर ऐकून घेतलं जातं.

त्या अथेन्समध्ये गावाचा कारभार भर सभेत चालायचा, नागरिक टेकडीवर जमायचे आणि हात वर करून निर्णय घ्यायचे. कोर्टातसुद्धा आपला खटला आपणच मांडायचा, समोर ज्युरीत शेकडो माणसं असायची, मोठ्या खटल्यात 501, आणि वेळ मोजायला पाण्याचं भांडं असायचं, पाणी गळून संपलं की बोलणं संपलं. त्यामुळं पटवून सांगता येणं ही तिथं रोजची गरज होती. बायकांना मात्र त्या सभेत बोलायची सोयच नव्हती. आपल्याकडं ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असं कायद्यात आहे, आणि तिथं बायका कमी येतात ह्याचं मला फार वाईट वाटतं, कारण बोलायची सवय लागायला त्याहून चांगली जागा नाही.

पहिली पायरी: मागणी एका वाक्यात, आणि ती पुढच्या काळातली

वहीवर एक वाक्य लिहा, "ह्या सभेनं अमुक करावं." करावं असा शेवट झालाच पाहिजे. आमच्या पोरीचं पहिलं भाषण मी तिच्याकडनं आठवेल तसं लिहून घेतलं तर त्यात असं वाक्य एकच होतं आणि ते सगळ्यात शेवटी.

ॲरिस्टॉटलनं भाषणाचे तीन प्रकार केलेत आणि प्रत्येकाला काळ जोडलाय. कोर्टातलं भाषण झालेल्या गोष्टीचं, कोण चुकलं, कुणी केलं. सत्काराचं किंवा निंदेचं भाषण मुख्यतः आत्ताचं, कोण चांगलं, कोण वाईट. आणि सभेतलं भाषण पुढचं, काय केलं तर आपला फायदा आणि काय केलं तर नुकसान. ग्रामसभा ही तिसऱ्या प्रकारची जागा आहे. पण आपण तिथं उभं राहून पहिल्या प्रकारचं बोलतो, मागच्या पंचवार्षिकला कुणी काय केलं, पैसे कुठं गेले, आणि मग ज्याच्यावर बोट जातं तो आणि त्याची भावकी स्वतःचा बचाव करायला उठते, सभेचं कोर्ट होतं. हिशेब मागायचा असेल तर तो जरूर मागा, तो तुमचा हक्कच आहे, पण वेगळ्या दिवशी, वेगळ्या अर्जानं. ज्या दिवशी खोली पाहिजे त्या दिवशी फक्त खोली.

मी तिला लाल पेन दिला आणि म्हटलं, तुझ्या भाषणातली भूतकाळातली सगळी वाक्यं खोड. तीन मिनिटांच्या भाषणातलं चाळीस सेकंदाचं उरलं.

दुसरी पायरी: ऐकणारा नक्की कोण

टाळ्या वाजवणारी पोरं तुमचा श्रोता नाही, ती आधीच तुमच्या बाजूची आहेत. तुमचा श्रोता म्हणजे हो किंवा नाही म्हणायचं ज्याच्या हातात आहे आणि जो अजून कुंपणावर बसलाय तो. आमच्या बाबतीत ते तात्या होते, सोसायटीचे जुने सभासद, आणि त्यांच्या रांगेतली आठ-दहा माणसं. वहीच्या दुसऱ्या पानावर त्यांची नावं लिहा आणि प्रत्येकाच्या पुढं दोन गोष्टी लिहा, ह्याला कशाची काळजी आहे, आणि माझ्याबद्दल ह्याच्या मनात काय आहे. दुसरं लिहायला जड जातं पण टाळू नका. तिनं लिहिलं, "ही शिकून पुण्याला जाईल, गावाला काय उपयोग." ते वाक्य तिला कुणी तोंडावर बोललं नव्हतं, पण ते होतं, आणि तिला ते माहीत होतं.

मग तिला मी तात्यांच्या घरी पाठवलं, मागणी करायला नाही, विचारायला. खत वर्षातनं कधी कधी असतं, किती पोती असतात, भिजलं तर काय होतं. ती तासभर बसून चहा घेऊन आली आणि येताना तिला दोन गोष्टी कळल्या होत्या, एक म्हणजे खत वर्षभर नसतंच, पावसाळ्याच्या तोंडाला आणि छाटणीच्या आसपास जास्त असतं, आणि दुसरी म्हणजे तात्यांची खरी काळजी खताची नव्हती, किल्लीची होती. खोली दहा पोरांच्या हातात गेली की पोत्याची जबाबदारी कुणाची?

तिसरी पायरी: पत, आणि ती बोलण्यातनं कमवायची

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला ती साताऱ्याला आली, आणि वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रापर्यंत. असा माणूस गावात धान्य मागायला आला की त्यानं तोंड उघडायच्या आधीच निम्मं काम झालेलं असायचं. पण तुमच्या-माझ्याकडं एवढी पुण्याई नसते, आणि बावीस वर्षांच्या पोरीकडं तर कुठनं असणार.

इथं ॲरिस्टॉटलचं म्हणणं मला फार धीर देणारं वाटतं. तो म्हणतो विश्वास हा बोलण्यातनंच तयार झाला पाहिजे, माणसाबद्दल आधीपासनं जे मत आहे त्याच्यावर अवलंबून नाही. आणि त्यासाठी ऐकणाऱ्याला तीन गोष्टी दिसाव्या लागतात. ह्याला विषय कळतोय म्हणजे जाण, हा खोटं बोलणार नाही म्हणजे सचोटी, आणि ह्याला आमचं भलं पाहिजे म्हणजे आपुलकी. तिन्ही लागतात. जाण आहे पण आपुलकी नाही असा माणूस आपण रोज बघतो, त्याला सगळं माहीत असतं आणि तरी आपण त्याचं ऐकत नाही.

आता तुमचं स्वतःचं तपासा, तिन्हीतलं कुठलं कमी पडतंय. तिची जाण ठीक होती, सचोटीवर शंका नव्हती, आपुलकीवर होती. मग भाषणात आपुलकी आणायची कशी? "मला गावाबद्दल आपुलकी आहे" असं म्हणून ती येत नाही, ऐकणाऱ्याचा अडथळा आपण स्वतःच्या तोंडानं आधी बोललो की येते. तात्यांचा खताचा प्रश्न तात्यांनी विचारायच्या आधी तिनं मांडायचा, तो खरा आहे हे मान्य करायचं आणि मग त्याच्यावर आपला उपाय ठेवायचा. ह्या एका गोष्टीनं तिन्ही कामं होतात, अडचण माहीत आहे म्हणजे जाण, ती लपवली नाही म्हणजे सचोटी, आणि तिच्यावर डोकं चालवलं म्हणजे आपुलकी. मला विचाराल तर सगळ्या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे, बाकी काही नाही जमलं तरी एवढं करा.

चौथी पायरी: मुद्दा

मुद्दा म्हणजे आकड्यांचा ढीग असं पोरांना वाटतं. आकडे पाहिजेतच, पण गावातले, आपण स्वतः मोजलेले. तिनं घरोघरी जाऊन यादी केली, 17 पोरंपोरी कुठल्या ना कुठल्या परीक्षेचा अभ्यास करतायत, त्यातली 5 रोज तालुक्याला अभ्यासिकेत जातात, महिन्याला 700 रुपये फी. पाच जणांचे वर्षाचे 42,000, एसटीचा खर्च वेगळा. हे आकडे कुणीही तपासू शकतं, म्हणून ते चालतात. महाराष्ट्रात किती लाख मुलं अभ्यास करतात हा आकडा ग्रामसभेत काही कामाचा नाही.

पण आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे वाक्याची बांधणी. ॲरिस्टॉटल एका प्रकाराला पटवण्याचा गाभा मानतो, त्याला तो एन्थिमीम म्हणतो, सोप्या भाषेत सांगायचं तर अर्धा तर्क आपण बोलायचा आणि उरलेला ऐकणाऱ्यानं मनात पुरा करायचा. आपल्या द्राक्षपट्ट्यात हे रोज चालतं. ऑक्टोबरात छाटणी झालेली असते, पोंगा फुटायला लागलेला असतो, सकाळी उठून बघावं तर आभाळ, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "आभाळ आलंय, औषध मारून घ्या." मधलं कुणीच बोलत नाही, की ओल राहिली तर दावण्या रोग येतो, दावण्या आला की घड जातो, घड गेला की वर्ष गेलं. ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच असतं, आणि जे त्यानं स्वतः भरलं ते त्याला आपलंच वाटतं, त्याच्याशी तो भांडत नाही. हेच वाक्य मुंबईच्या माणसाला सांगा, त्याला काही कळणार नाही. म्हणून दुसऱ्या पायरीशिवाय चौथी होत नाही, समोरच्याला आधीपासनं काय मान्य आहे ते माहीत असेल तरच तेवढं गाळता येतं.

तात्यांना काय मान्य आहे? की पोरीबाळींनी अंधार पडल्यावर एसटीची वाट बघत उभं राहू नये. हे त्यांना पटवायची गरज नाही. मग तिनं एवढंच म्हणायचं, "तालुक्याची अभ्यासिका आठला सुटती, आणि पाचातल्या तीन पोरी आहेत." बस, पुढचं बोलायचं नाही.

उदाहरणाचं पण एक आहे. शेजारच्या गावानं तालमीच्या वरच्या खोलीत अभ्यासिका केलीय हे तिला भाषणाच्या सुरुवातीलाच सांगायचं होतं. ग्रंथातला सल्ला असा की उदाहरणं आधी दिली तर पुष्कळ द्यावी लागतात, कारण मग त्यांच्यावरच सगळं उभं राहतं, पण तर्क आधी मांडून उदाहरण मागनं दिलं तर एक पुरतं, ते साक्षीदारासारखं येतं. करून बघितलं, खरंच आहे. सुरुवातीला शेजारच्या गावाचं नाव काढलं की लोक त्या गावाचीच उणीदुणी काढत बसतात.

पाचवी पायरी: मन

इथं घसरायला होतं. भावना म्हणजे आवाज चढवणं नाही की रडणं नाही. ऐकणारा निर्णय घेताना ज्या मनःस्थितीत असेल तसा निर्णय घेतो, चिडलेला माणूस आणि शांत माणूस एकाच गोष्टीवर वेगळं मत देतात, एवढंच ह्याच्या मागचं तत्त्व. ॲरिस्टॉटल म्हणतो कुठलीही भावना जागवायची तर तीन गोष्टी माहीत पाहिजेत, राग घ्या, माणूस कुठल्या अवस्थेत रागावतो, कुणावर रागावतो आणि कशावरनं रागावतो. पहिल्या भाषणात तिनं राग जागवला होता, पण कुणावर? सभेत बसलेल्यांवर. म्हणजे ज्यांचा होकार पाहिजे त्यांच्यावरच.

भीतीचं तर सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. ॲरिस्टॉटल म्हणतो भीती माणसाला विचार करायला लावते, पण सुटकेची आशा असेल तरच, जिथं आशाच नाही तिथं कोण विचार करतो. महापुराच्या वेळचे मेसेज आठवा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45, आणि 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. "पाणी प्रचंड वाढणार, जीव धोक्यात" असा मेसेज आला की माणूस माडीवर जाऊन बसतो. आणि "आयर्विनला 38 झालंय, आपल्या गल्लीत पाणी यायला अजून वेळ आहे, जनावरं आत्ताच सोडून वरच्या शाळेच्या पटांगणात न्या, वैरण तिथं टाकलीय, ट्रॉली कोपऱ्यावर उभी आहे" असा आला की माणूस दावं सोडायला उठतो. दुसऱ्यात भीती कमी नाही, पण जायची वाट दाखवलीय. पाणी असो, रोग असो, कर्ज असो, भीती घालायची तर त्याच दमात वाट सांगा, नाहीतर घालू नका.

आमच्या कामाला भीतीपेक्षा ईर्षा उपयोगी होती. ॲरिस्टॉटल मत्सर आणि ईर्षा वेगळ्या धरतो, मत्सर म्हणजे त्याच्याकडं नको असं वाटणं, ईर्षा म्हणजे माझ्याकडं पण पाहिजे असं वाटणं, आणि ही दुसरी तो चांगली मानतो. आपल्याकडं पण ईर्षेनं खेळला म्हणतात तेव्हा ते कौतुकच असतं. म्हणून शेजारच्या गावाचं उदाहरण शेवटी ठेवायला अजून एक कारण झालं.

आणि भावनेला एकच चित्र पुरतं. तिनं तालुक्याच्या स्टँडवरचं घेतलं, हातात मोबाईलची टॉर्च लावून पुस्तक वाचत एसटीची वाट बघणारी पोरगी. तिचं नाव घेतलं नाही, पण अर्ध्या सभेला ती कुणाची हे माहीत होतं.

वेळ

ग्रीकांकडं योग्य वेळेलाही शब्द आहे, कायरॉस. आपल्याकडं म्हणजे काय तर सभेच्या आधी आठवडाभर विषय लेखी द्या म्हणजे तो विषयपत्रिकेवर लागतो, आयत्या वेळच्या विषयात गेलात की तोवर माणसं चपला घालायला लागलेली असतात. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, बघा, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, जे कमी असेल ते. आणि तुमच्या विषयाच्या आधी गटाराचं भांडण झालं असेल तर दोन मिनिटं कुणालातरी दुसरं काहीतरी बोलू द्या, तापलेल्या सभेत लगेच उभं राहू नका.

शेवटी झालेलं भाषण

सहा वेळा लिहिलं, माझ्या सासऱ्यांना तात्या करून समोर बसवलं आणि त्यांना सांगितलं मध्येच अडवा. ती 2 ऑक्टोबरला जे बोलली ते जवळपास असं होतं:

"नमस्कार. जुन्या बालवाडीची खोली सहा महिन्यांसाठी अभ्यासिकेला द्यावी अशी माझी मागणी आहे. त्या खोलीत सोसायटीचं खत असतं आणि ते भिजलं तर नुकसान आपल्या सगळ्यांचं आहे, मागच्या वेळी मी ह्याचा विचार केला नव्हता. तात्यांना विचारून मी माहिती घेतली. खत एका भिंतीला फळ्यांवर राहील, आम्ही उरलेल्या जागेत बसू. किल्ली एकाकडंच राहील, माझ्याकडं, आणि पोत्याची नोंद मी वहीत ठेवीन, सोसायटीनं कधीही बघावी. लाईट बिलाला आम्ही 17 जण महिन्याला 50 रुपये काढू, म्हणजे 850, पंचायतीवर बोजा नाही. आपल्यातली पाच जणं रोज तालुक्याला जातात, वर्षाला 42,000 रुपये फीचे जातात. तिथली अभ्यासिका आठला सुटती, आणि पाचातल्या तीन पोरी आहेत. परवा स्टँडवर त्यातली एक मोबाईलच्या उजेडात वाचत बसली होती. शेजारच्या गावानं तालमीवर हेच केलंय. सहा महिन्यांनी तुम्हाला पटलं नाही तर किल्ली मी स्वतः आणून देईन."

दीड मिनिट. टाळ्या कमी पडल्या. तात्यांनी विचारलं, "फळ्या कोण आणणार?" ती म्हणाली, आणल्यात, बाहेर ट्रॉलीत आहेत.

सहा महिने म्हणायचं हे सासऱ्यांनी सुचवलं. माणसाला कायमचा होकार द्यायला जड जातं, परत घेता येणारा होकार तो पटकन देतो.

मंजूर झाल्यावर लगेच

सगळे उठायच्या आत भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना म्हणा, ठराव प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, लिहून वाचून दाखवा. सूचक कोण, अनुमोदक कोण ही नावं पाहिजेत, आणि अनुमोदक म्हणून शक्यतो ज्याचा विरोध होता त्यालाच विचारा, आमच्याकडं तात्यांनीच अनुमोदन दिलं. मुदत, किल्ली, लाईट बिल हे तिन्ही शब्द ठरावात आले का ते कान देऊन ऐका. पहिल्यांदा वाचला तेव्हा लाईट बिलाचं राहिलं होतं, तिनं हात वर करून सांगितलं, ते घालून घेतलं, आणि आठवड्यानं अर्ज करून ठरावाची नक्कल घेतली. ती नक्कल आता खोलीत, खताच्या पोत्यांच्या वरच्या भिंतीला चिकटवलीय.